पिवळी पताका आणि दुखरी पाठ

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फिनलंडमधल्या तुर्कू शहराजवळच्या बेटांमधल्या त्या शीड-वल्ह्यांच्या मोहिमेत पहिल्या दिवशी पहिला नंबर माझा आला! योर्माचा! गॅरेजमध्ये चार हिवाळे खपून स्वतःच्या हातांनी बांधलेल्या होडीचा! शेजारचा बेंगट त्या होडीला ‘बटाट्याचं खोकं’ म्हणायचा. त्या बेंगटला मी मागे टाकलं! आता त्याची टोपी पाण्यात पडली होती आणि ती काढायला तो थांबला होता, हे खरं. पण टोपी नीट घालून येणं हाही दर्यावर्दीपणाचाच भाग आहे, नाही का?

मोहीम म्हणजे काय, तर चाळीसेक छोट्या होड्या. इंजिन नाही. वारा असला तर शीड, नसला तर वल्हं. आज या बेटावर मुक्काम, उद्या त्या. पहिल्या आलेल्या होडीला पिवळी पताका मिळते आणि दुसऱ्या दिवशी ती होडी सगळ्यांच्या पुढे चालते. बाकीच्यांनी मुकाट मागे यायचं. मोहिमेच्या प्रमुख हेल्वीबाईंनी ती पताका माझ्या डोलकाठीला बांधली तेव्हा माझी छाती अशी फुगली, की जीवरक्षक जाकिटाचा पट्टा सैल करावा लागला.

आता मी मोहिमेत आलो कसा, तेही सांगतो. माझ्या सासूबाईंचं एक बेट आहे. बेट लहान, सासूबाई मोठ्या. नातवंडांसकट आम्ही सगळेच त्यांना मुम्मो, म्हणजे आजी, म्हणतो. त्या बेटावर एक होडीघर आहे आणि दर जुलैत त्याला लाल रंग द्यायचा असतो. आमच्याकडे रीतच आहे, कोणाच्या घरी काम निघालं की सगळ्यांनी जमायचं, राबायचं, यजमानाने जेवण आणि साउना, म्हणजे गरम वाफेची आंघोळ, द्यायची. मुम्मोंच्या बाबतीत सगळे म्हणजे मी! लग्न झाल्यापासून ते होडीघर मी इतक्यांदा रंगवलंय, की मला वाटतं आत लाकूड उरलेलंच नाही, नुसते रंगाचे थर उभे आहेत.

यंदा मी फोन केला. “मुम्मो, पाठ गेली हो माझी. डॉक्टर म्हणतात, चमचासुद्धा उचलू नका.”

पलीकडे किटली खाली ठेवल्याचा आवाज. मग, “असं होय. काळजी घे, योर्मा.”

सुटलो! त्याच संध्याकाळी मोहिमेत नाव घातलं. बायको चिडेल असं वाटलं होतं, पण सिर्का म्हणाली, “छान! मी येते की. सुकाणू मी धरते.” आईच्या रंगाचं अवाक्षर नाही! इतकी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं, असं मला वाटलं. वाटलं बिचाऱ्याला!

पहिल्या रात्री मुक्कामी हेल्वीबाई किनाऱ्यावर सगळ्यांना जमवून दुसऱ्या दिवसाचा बेत सांगत होत्या. मी साउनात होतो. तिथे दोघंजण घाम गाळत बसले होते, त्यांना मी माझा विजय पहिल्यापासून सांगितला. ते उठून गेले, दुसरे आले, त्यांना परत पहिल्यापासून. बेत काय ऐकायचा? पुढे जाणारा मीच तर होतो!

सकाळी उठतो तो धुकं. वारा मेलेला. समुद्र असा गप्प, की वल्ह्यावरून ओघळणारा थेंबसुद्धा ऐकू येत होता. शीड गुंडाळलं, वल्ही घेतली.

वल्हवणाऱ्याची गंमत अशी, की त्याचं तोंड मागे असतं. कुठे चाललोय ते दिसत नाही, कोण मागे पडलंय तेवढं दिसतं. माझ्या स्वभावाला फार मानवणारी बैठक! समोर सिर्का, मांडीवर होकायंत्र, हातात सुकाणू. तिच्या पाठीमागे धुक्यातून एकेक होडी उमटायची, विरघळायची, पुन्हा उमटायची. कोणी बोलत नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. वाटलं, आपण समुद्रावर नाहीच, कोणाच्या तरी झोपेतून चाललोय.

“उजवं जरा जोरात,” सिर्का हळूच म्हणायची. मी मारायचो.

अन् मग माझे डोळे उघडेच राहिले आणि मी आत कुठेतरी झोपलो. मला मोहिमेच्या शेवटचा तुर्कूचा धक्का दिसू लागला. बँड वाजतोय. बेंगट टोपी काढून उभा आहे. महापौरबाई विचारताहेत, “योर्मा, एवढं बळ आणलंत कुठून?” मी म्हणतोय, “काही नाही हो, काळा पाव आणि साधी राहणी.” ओल्या लाकडाचा धूर दरवळतोय, डांबराचा वास, वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा वास. किती खरं स्वप्न! वाससुद्धा येतोय!

तेवढ्यात माझ्या डाव्या हाताने आपोआप वल्हं उचललं. पाण्याबाहेर, उंच. कोणी सांगितलं नव्हतं. बाजूने एक बुडालेला खडक हिरवा-काळा सरकत गेला.

हा खडक मला कसा ठाऊक? या जगात एकच जागा आहे, जिथे माझं डावं वल्हं न विचारता वर जातं...

धप्प! होडी लाकडी धक्क्याला टेकली.

“पाठ कशी आहे, योर्मा?”

मी मान वळवली. धक्क्यावर मुम्मो! हातात कॉफीची किटली, डोक्याला रुमाल, आणि मागे धुक्यात ते होडीघर!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. “सिर्का! अगं, कुठे आणलंस हे?”

“धुकं आहे रे,” ती म्हणाली.

“धुकं आहे म्हणून थेट तुझ्या आईच्या दारात? मागे अख्खा तांडा आहे! पुढचा माणूस वाट चुकला असं कळलं तर पताका गेली! आणि तो बेंगट मरेपर्यंत सांगत फिरेल!”

“मग कळू देऊ नकोस,” सिर्का म्हणाली आणि शांतपणे दोर बांधू लागली.

होड्या एकेक करून धक्क्याला लागत होत्या. मी होडीच्या फळीवर उभा राहिलो. प्रसंगच तसा होता!

“मित्रहो!” मी ओरडलो. “तुम्हाला वाटेल, आपण इथे का आलो? तर हा पुढाऱ्याचा निर्णय! सरळ वाटेने कोणीही जाईल! मी ठरवलं, की आपण एका एकट्या म्हाताऱ्या बाईंच्या मदतीला जायचं! धुक्यातून, नेमकं, मी तुम्हाला इथे आणलंय!”

सगळे आपापले दोर बांधत राहिले. आमचे लोक तसे अबोलच. बेंगटने टोपी नीट केली आणि म्हणाला, “वा.”

जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच! कारण मुम्मो हेल्वीबाईंना म्हणत होत्या, “याला काम देऊ नका हं. पाठीने पार गेलाय. चमचासुद्धा उचलायचा नाहीये.”

“पाठ?” हेल्वीबाईंच्या भुवया वर गेल्या. “मग यांनी वल्हवलं कसं? नाही नाही, योर्मा, आजारी माणसाची होडी तांड्यापुढे नको. धुक्यात काही झालं तर? पताका मागच्या होडीला द्या.”

मागची होडी बेंगटची. त्याने हातसुद्धा पुढे केला!

सांगा आता! पाठ दुखते म्हणावं तर पताका जाते. नाही म्हणावं तर रंग! चार हिवाळे एका बाजूला, होडीघर एका बाजूला. मी पताकेकडे पाहिलं. ती धुक्यात ओली होऊन लटकत होती, पण पिवळी होती, माझी होती.

“बरी झाली!” मी म्हणालो. “आत्ताच! मुम्मो, तुमच्या इथली हवाच अशी!”

“हो का?” मुम्मो म्हणाल्या. “मग ती मोठी शिडी घे. उत्तरेची भिंत.”

सगळ्यांना कॉफी मिळाली, पाव मिळाले. आणि आमच्याकडे कोणाची कॉफी प्यायली की हात झटकून निघता येत नाही. जो तो ब्रश घेऊन भिडला. मी उत्तरेच्या भिंतीवर, शिडीच्या शेंड्याला. खाली बेंगट चौकटी रंगवत होता.

ब्रश बुडवताना माझ्या डोक्यात एकदम वीज चमकली. ब्रश! सगळ्यांच्या हातात कोरे करकरीत ब्रश! पाव सगळ्यांना पुरून उरलेले!

“बेंगट,” मी वरून विचारलं, “मुम्मोंकडे एवढे ब्रश कुठून आले रे?”

“सिर्काने वसंतातच मागवलेत ना. हेल्वीबाईंशी ठरवून. आजचा पहिला थांबा इथेच होता.”

“तुला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना होतं. काल संध्याकाळी परत सांगितलं की. तू साउनात होतास.”

“अरे मग मी भाषण ठोकलं तेव्हा बोलला का नाहीस?”

बेंगटने ब्रश डब्यात बुडवला. “तू रंगात आला होतास,” तो म्हणाला. “मध्ये कशाला बोलायचं?”

मी पुन्हा रंग मारू लागलो. दुसरं करणार काय? आणि खरं सांगू, मग राग टिकेना. धुकं विरलं. ऊन आलं. एवढी माणसं भिंतीला लागलेली, पण ब्रशची सळसळ सोडली तर आवाज नाही. लाल भिंत पाण्यात उतरली आणि हलू लागली. इतक्या वर्षांत ते होडीघर मी कधी एवढं सुंदर पाहिलं नव्हतं. नाहीतरी एकट्याने रंगवताना मी फक्त शिव्याच देत होतो.

“दुसरा हात मारून झाल्याशिवाय उतरू नकोस हं!” खालून सिर्काचा आवाज आला.

“हो, हो,” मी म्हणालो. बँड परत वाजू लागला होता. या खेपेला महापौरबाई रंगाबद्दल विचारत होत्या.

मानेला गार वारा लागला तेव्हा मी भानावर आलो. वारा! मस्त, भरलेला, शिडाचा वारा! मी वळून पाहिलं.

धक्का रिकामा! दूर पाण्यावर पांढऱ्या शिडांचा थवा चालला होता. सगळ्यांच्या पुढे एक बटाट्याचं खोकं. त्यावर पिवळी पताका फडफडत होती. सुकाणूवर सिर्का. तिने हात हलवला. मागून बेंगट जिवाच्या आकांताने येत होता, पण तिला गाठणं त्याला जमत नव्हतं!

“परवा येईल सिर्का परत,” शिडीखालून मुम्मो म्हणाल्या. “तोवर साउनाची मागची भिंत होईल तुझी.”

झाली. छप्परही झालं. माझी होडी अख्ख्या मोहिमेत पहिली आली. तुर्कूच्या धक्क्यावर बँड खरंच होता म्हणे!

आणि आता माझी पाठ खरोखरच गेलीय हो. देवाशप्पथ! चमचासुद्धा उचलवत नाही. पण घरात सांगायची सोय राहिलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.