फसली नव्हे, रुतली

गाझियाबादला बर्फ पडत नाही. हे वाक्य गेली दोन वर्षं मी टिपणीसकाकांना निरनिराळ्या सुरांत ऐकवत आलो आहे. समजुतीनं ऐकवलं, चिडून ऐकवलं, हात जोडून ऐकवलं, आणि एकदा तर भर मे महिन्यात, बाहेर लू चालू असताना, घामानं निथळत ऐकवलं. त्या दिवशी माझी गाडी दुरुस्तीला होती आणि सासूबाईंना स्टेशनवरून आणायचं होतं. काकांनी आपणहून त्यांची नवी इलेक्ट्रिक गाडी काढली. स्टेशनवर सासूबाईंची बॅग ठेवायला डिकी उघडली, तर आत एक फावडं, वाळू भरलेलं गोणपाटाचं पोतं, जाड दोरखंड, दोन घोंगड्या आणि चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या.

"काका, हे काय?"

"बर्फाचं सामान."

"मग बॅग कुठे ठेवू?"

"मांडीवर."

सासूबाई नवी दिल्ली स्टेशनपासून गाझियाबादेतल्या आमच्या वसुंधरेपर्यंत बॅग मांडीवर घेऊन आल्या. एसी बंद. एसी, हीटर आणि रेडिओ म्हणजे बॅटरीला लागलेली गळती, असं काकांचं मत. घरी आल्यावर सासूबाईंनी दोन तांबे पाणी पिऊन मला एवढंच विचारलं, की हे गृहस्थ पूर्वीपासून असेच आहेत का.

पूर्वीपासून असेच नव्हते, पण फार वेगळेही नव्हते. टिपणीसकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. अख्खी नोकरी त्यांनी एका मंत्रालयाच्या प्रश्नोत्तरांच्या कक्षात काढली. संसदेत खासदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात. ते उत्तर आधी लिहून ठेवणारी जी माणसं असतात, त्यांतले काका एक. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, अतारांकित प्रश्नाचं लेखी दिलं तरी चालतं, आणि तारांकिताला लगेच पूरक प्रश्न येतात म्हणून त्यांचीही तयारी हवी. काका निवृत्त झाले, पण त्यांच्या घरातला प्रश्नोत्तराचा तास काही संपला नाही.

"अहो, भाजी कुठली करू?" सुमनकाकू विचारणार.

"अतारांकित आहे. सवडीनं उत्तर मिळेल."

आणि उत्तर द्यायचं नसेल तर एक ठरलेलं वाक्य: "माहिती गोळा करण्यात येत आहे." दूधवाल्याचा हिशेब असो, सोसायटीची सभा असो की काकूंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख, माहिती गोळा करण्यात येत असायची. काकू म्हणायच्या, "लग्न ठरवताना मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले होते. माझे वडील घाबरून परत निघाले होते."

काकांची एकुलती मुलगी मृणाल नॉर्वेत असते, अगदी वर, उत्तरेकडे. माशांवर संशोधन करते. "आमच्या घराण्यात मासे पिढ्यान् पिढ्या खाल्ले, अभ्यास कुणी केला नव्हता," असं काका अभिमानानं सांगतात. तिच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, म्हणून काकांनीही इलेक्ट्रिक घेतली, इतपत मला माहीत होतं. हौस आहे, असू दे. पण तिच्याकडे बर्फ आहे म्हणून यांनी साखळ्या घ्यायच्या? त्या साखळ्या लहान पडल्या म्हणून काका दिल्लीत कश्मीरी गेटच्या गाड्यांच्या बाजारात दुसऱ्या घ्यायला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदारानं विचारलं, "बाबूजी, पहाड़ पे जा रहे हो?" काका म्हणाले, "नहीं, गाज़ियाबाद." त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी गाड्यांचे आरसे बघू लागलो.

पुढे सरावाचं खूळ शिरलं. सोसायटीमागं गटाराची लाइन टाकायला खणलं होतं आणि पावसानं सगळा राडा झाला होता. काकांनी मुद्दाम गाडी त्या चिखलात घातली. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी बसली. गार्ड धावत आला. "साहब, फँस गई?"

"हाँ भाई, फँस गई," काका खुशीत म्हणाले.

मी वरून गॅलरीतून ओरडलो, "काका, गाडी फसली का?"

तिथं मात्र त्यांचा चेहरा उतरला. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी मला बोट दाखवलं. "देवधर, हिंदीत फँसते. मराठीत रुतते. फसली म्हणजे कुणीतरी फसवलं. शब्द नीट वापरा." गाडी ढकलायला मला खाली जावं लागलं, आणि ढकलतानाही तेच प्रवचन.

या एका शब्दावरून त्यांनी मला दोन वर्षं छळलं आहे. दिल्लीत वाढलेली आपली मुलं मराठी बोलतात ती हिंदीच्या साच्यातून काढूनच. माझी रेवाही तशीच. एकदा दुपारी वीज गेली आणि ती लिफ्टमध्ये अडकली. मी जिन्यावरून धावत खाली आलो तर काका आधीच लिफ्टच्या दाराला कान लावून बसलेले. आतून रेवा रडत होती, "मी फसले, मी फसले!"

"फसले नाही बाळा, अडकले म्हण," बाहेरून काका. "नीट सांग. अडकली आहेस ना? फक्त अडकलीच आहेस ना? कुणी काही केलं नाही ना तुला?"

"लिफ्टमध्ये कोण काय करणार, काका!" मी म्हणालो. पण ते हटले नाहीत. पोर शेवटी हुंदके देत "अडकलेय" म्हणाली, तेव्हा कुठे ते जमिनीवरून उठले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. रडणाऱ्या मुलीला व्याकरण शिकवणारा माणूस मला असह्य झाला होता.

तरीही जानेवारीत मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून हिमाचलला निघालो होतो. कारण सुमनकाकू. "वर बर्फ पडलाय असं टीव्हीवर सांगितलं आणि हे बॅग भरायला लागले," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे असे. त्यांना एकटं सोडू नका हो." नीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला न विचारता हो म्हणून टाकलं होतं.

त्या प्रवासाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण आठवलं की अजून बोटं आखडतात. हीटर बंद. काच धुक्यानं भरली की काका ती रुमालानं पुसायचे. मुरथलच्या ढाब्यावर गाडी चार्जिंगला लावली, तेव्हा मी पराठ्याच्या तव्याजवळ जाऊन उभा राहिलो तो भूक लागली म्हणून नव्हे. घाट चढू लागल्यावर बॅटरी भराभर उतरायला लागली आणि काकांनी मला कमी बोलायला सांगितलं. माझ्या बोलण्यानं बॅटरी कशी उतरते, हे विचारल्यावर माहिती गोळा करण्यात येत आहे असं उत्तर मिळालं. सिमल्याला मुक्काम केला. सकाळी चार्जिंगचं झाकण गोठून बसलं होतं. काकांनी शेकायची रबरी पिशवी त्यावर धरली आणि झाकणाशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले.

सिमल्याच्या पुढे, नारकंड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता चक्क साफ होता. यंत्रानं बर्फ बाजूला सारला होता, गाड्या सुरळीत चालल्या होत्या. मला हायसं वाटलं. इतक्यात काकांनी सफरचंदाच्या बागांकडे जाणाऱ्या एका फाट्यावर गाडी वळवली. त्या रस्त्यावर चाकाची एक खूण नव्हती.

"काका, इकडे कुठे? तिकडचा रस्ता साफ आहे."

"साफ रस्त्यावर माहिती मिळत नाही."

गाडी आवाज न करता पुढे सरकत राहिली. खाली नुसती करकर. मग वळणावर काकांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, इलेक्ट्रिक गाडीच्या सवयीप्रमाणे ती स्वतःहून ब्रेक लावून मंदावली, पुढची चाकं घसरली आणि कडेच्या भुसभुशीत बर्फात नाक खुपसून आम्ही थांबलो. काकांनी पाय दाबला. चाकं गरगर फिरली. गाडी आणखी खाली बसली. दार उघडायला गेलो तर ते अर्धंच उघडलं, कारण बर्फ दाराच्या खालच्या कडेच्या वर आला होता.

 मी बॅटरीचा आकडा पाहिला. तो बराच खाली आला होता.

"काका," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "गाडी फसली."

"रुतली."

आणि माझा तोल गेला. गेल्या दोन वर्षांतलं सगळं बाहेर आलं: सासूबाईंची बॅग, चिखल, लिफ्ट, हीटर. "इथं आपण गारठून मरणार आहोत आणि तुम्हाला शब्दाची पडली आहे! फसली म्हटलं काय, रुतली म्हटलं काय, काय फरक पडतो हो?"

"पडतो," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ते समोर बघत होते. "मृणाल तिकडे गेली, त्यानंतरचा पहिला हिवाळा. तिचा फोन आला. एरवी ती रविवारी करते, हा भलत्या दिवशी आला. म्हणाली, बाबा, मी इथे फसलेय. आता काय करू?"

मी त्यांच्याकडे वळलो.

"रडत होती. परका देश, एकटी मुलगी. मला वाटलं, कुणीतरी फसवलं तिला. मी विचारत सुटलो. कोण आहे तो? काय करतो? किती दिवस चाललंय? ती म्हणत होती, बाबा, ऐका ना. मी ऐकतोय कुठे? एकातून एक पूरक प्रश्न. मग सुचेना काही, तेव्हा म्हणालो..." त्यांनी हातमोजा ओढून नीट केला. "म्हणालो, मी माहिती गोळा करून कळवतो. आणि तिचा फोन बंद पडला. थंडीनं फोनची बॅटरी गेली होती. ती गाडीत बसली होती, देवधर. अशीच. बर्फात."

"मग?"

"गावातला एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला नंतर. दुसऱ्या दिवशी तिनं हसत सांगितलं सगळं. गाडी फसली होती बाबा, तुम्हाला काय वाटलं, म्हणाली. हिला सांगितलं तर हीसुद्धा हसली. मला हसू आलं नाही." त्यांनी हातमोज्यानं काच पुसली. "मदत करणारे तिच्या जवळ होते. मी इथून काय करणार होतो? तरी तिनं आधी मला फोन केला. तारांकित प्रश्न होता हो. तिथल्या तिथं तोंडी उत्तर द्यायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं लिहिली, आणि माझ्या मुलीनं विचारलं तेव्हा माझ्याकडे नव्हतं."

मला लिफ्टच्या दाराशी जमिनीवर बसलेले काका आठवले. कुणी काही केलं नाही ना तुला, असं विचारणारे. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की हा माणूस हे आधी का बोलला नाही. मी दार ढकलून बाहेर पडलो आणि डिकीतून फावडं काढलं.

दोन वर्षं डिकीत जपलेली वाळू ऐन वेळी गोठून दगड झाली होती. कुठल्याशा पावसात ती भिजली असणार. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही एक माहिती मिळाली. वाळू कोरडी ठेवायची." साखळ्या चढवायला चाकांपर्यंत पोचताच येत नव्हतं. ही दुसरी माहिती. त्या आधी चढवायच्या. मग आम्ही आळीपाळीनं फावडं चालवलं. आधी चाकांपुढचा बर्फ काढला, तरी गाडी हलेना. काका पोटावर झोपले, खाली डोकावले आणि ओरडले, "पोटाखाली बर्फ दाबून बसलाय! चाकं अधांतरी आहेत!" तो सगळा उकरून काढला. गोणपाट फाडून वाळूचा दगड बाजूला टाकला, गोणपाट एका चाकाखाली आणि पायाखालच्या रबरी मॅट दुसऱ्या चाकाखाली घातल्या. काकांनी सेटिंग बदललं, म्हणजे पाय उचलताच गाडी स्वतःहून ब्रेक लावणार नाही. मग पायाचं नुसतं वजन टेकवावं इतकं हलकं दाबलं. गाडी एक वीत पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि सावकाश रस्त्यावर चढली. मागून ढकलणारा मी बर्फात पालथा पडलो होतो.

मुख्य रस्त्याला लागल्यावर मोबाइलला रेंज आली. काकांनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. बोटं इतकी गारठली होती की फोन कानाशी धरवेना, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बाबा? आज तर मंगळवार आहे. सब ठीक?"

"ठीक. मृणाल, ऐक. मी नारकंड्याला आहे. गाडी घेऊन आलोय, बर्फात."

"बर्फात? तुम्ही? बाबा, यार... आई कुठे आहे?"

"घरी आहे. देवधर आहेत बरोबर. तू ऐक आधी. सगळ्यात पहिल्यांदा पोटाखाली बघायचं. लोक चाकांपुढचा बर्फ काढत बसतात, पण..."

"एक मिनिट, बाबा. तुमची गाडी फसली होती?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढला आणि तो मफलरच्या टोकानं पुसत राहिले.

"हो गं," ते म्हणाले. "फसली होती."

"अरे देवा. मग काय केलंत तुम्ही?"

काकांनी चष्मा परत लावला, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी हात पुढे करून हीटर लावला. त्यांनी पाहिलं, पण तो बंद केला नाही.