कानाने ओळखलेले डबे

नात जन्मली त्याच वर्षी छापखान्याने तिच्या बापाचे कामाचे दिवस निम्मे केले. मालकांनी फार प्रेमाने सांगितलं, "आता तुम्हाला बाळाबरोबर वेळ घालवता येईल." बापाने बाळाबरोबर वेळ घालवला. बाळाने तो रडण्यात घालवला. आणि बाळाची आई, म्हणजे या घरची सून, तोच वेळ घरभाड्याची काळजी करण्यात घालवू लागली.

अशा वेळी घर कुणालातरी वाचवावं लागतं. ते काम दादांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, कुणी न सांगता अंगावर घेतलं. दादांनी उभी हयात एका मालगोदामाच्या वजनकाट्यावर काढली होती. "पोत्याला नुसता हात लावला की सांगायचो आत काय आहे ते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पोत्यावर मालाचं नाव छापलेलं असायचं, हे सासूबाई मागाहून सांगत.

"यापुढे सामान मी आणणार," दादांनी जाहीर केलं. "तुम्हा बायकांना बाजार कळत नाही. दुकानदार मागेल तो भाव देऊन येता."

ते पिशवी घेऊन गेले आणि पोतं घेऊन आले. पोतं जमिनीवर टेकवलं तसा असा खणखणाट झाला की झोपलेलं बाळ दचकून उठलं. आत पत्र्याचे बंद डबे होते. काही पोचे आलेले, काही गंजलेले. एकावरही लेबल नव्हतं. कुठल्याशा गोदामात पाणी शिरलं, लेबलं वाहून गेली आणि मागच्या गल्लीतला दुकानदार ते डबे किलोवर विकत होता.

"अहो, पण यात आहे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"खाण्याची वस्तू."

"ते कळलं. कोणती?"

"ते ओळखायचं, अगं! ओळखता येत नाही म्हणून तर लोक दुप्पट पैसे मोजतात. कशाचे? डब्यावरच्या चित्राचे. चित्र खाता येतं का?"

दादांच्या बोलण्यातली अडचण हीच होती. ते चुकीचं असलं तरी त्याला उत्तर नसे.

मग दादांनी आपलं शास्त्र दाखवलं. डबा कानाशी न्यायचा, डोळे मिटायचे, हळूच हलवायचा, पुन्हा हलवायचा, आणि एखाद्या डॉक्टरने छाती तपासून मान डोलवावी तशी मान डोलवायची. "मटार," ते म्हणाले आणि खडूने डब्यावर तसं लिहिलं. सुनेने डबा उघडला. आत अननसाच्या चकत्या होत्या.

दादांनी वाकून पाहिलं. "कारखान्याने चुकीचं भरलंय," ते म्हणाले.

त्या महिन्यात कारखान्याने फारच चुका केल्या. टोमॅटोच्या डब्यात पीच भरले, मक्याच्या डब्यात मासे भरले, आणि एकदा तर मटारच्या डब्यात घट्ट गोड दूध भरलं. दादांना कारखान्यांची कीव येऊ लागली. "काम करायची दानतच राहिली नाही कुणाची," ते म्हणत.

घरात एक नियम मात्र पक्का होता, आणि तोही दादांचाच. उघडलेला डबा टाकायचा नाही. त्यामुळे सून एक वेगळाच स्वयंपाक शिकली. डबा उघडायचा, बोटाने चव घ्यायची, क्षणभर गप्प उभं राहायचं आणि कांदा कापायला घ्यायचा. कांदा कापताना विचार करायला वेळ मिळतो, आणि डोळ्यांत पाणी आलंच तर त्याला कारणही मिळतं. पीच धुऊन, पाक काढून, मिरपूड घालून बटाट्याबरोबर परतले की पानात चालतात. अननस माशांना चालतो. माशांना काय वाटतं हे कुणी विचारत नाही.

एके दिवशी नवरा बातमी घेऊन आला. "ते कोपऱ्यावरचं मोठं ऑफिस आहे ना, त्यांच्या कँटीनला स्वयंपाक करणारं माणूस हवंय. पक्की नोकरी. दर महिन्याला पगार."

"मी जाते विचारायला," सून लगेच म्हणाली. घरमालक आदल्याच दिवशी येऊन फार गोड बोलून गेला होता, आणि तो गोड बोलला की पुढच्या वेळी सामान रस्त्यावर असतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"विचारायला जायचं नाही. कँटीनचे मॅनेजर स्वतः घरी येऊन जेवतात. रोजच्या सामानात काय होतं ते बघतात."

"घरी? आपल्या?" सासूबाईंनी घराकडे एकदा पाहिलं.

सुनेने ठरवलं, त्या दिवशी तरी डबे नकोत. तिने तांदळाच्या डब्यात दडवलेल्या नोटा काढल्या आणि दादांच्या हातात ठेवल्या. "दादा, एक चांगली कोंबडी आणा. ताजी. बाकी काही नको."

दादा गेले आणि दुसरं पोतं घेऊन आले.

"कोंबडी?" सुनेचा आवाज चढला.

"यातच आहे. हा बघ." त्यांनी एक डबा काढून तिच्या कानाशी धरला. "येतोय आवाज?"

"काहीच येत नाही."

"तेच म्हणतोय मी! मटार बोलतात. मका बोलतो. कोंबडी गप्प असते."

"मेलेली असते म्हणून," सासूबाई आतून म्हणाल्या.

मॅनेजर यायला थोडाच वेळ उरला होता. सुनेने 'कोंबडी' उघडली. आत तपकिरी रंगाचं, मऊ, घट्ट असं काहीतरी होतं. त्याला ना कसला वास होता, ना आकार. तिने बोट लावलं. आंबट होतं, गोड होतं, आणि आणखीही काही होतं, त्याचं नाव तिला आठवेना. तिने कांदा कापायला घेतला.

मॅनेजर आले. बारीक अंगाचे, दमलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. कुणी आपल्याला जेवायला बोलावलं याचंही त्यांना वाईट वाटत असावं, असा त्यांचा चेहरा होता. दादांनी उरलेले डबे घाईघाईने पलंगाखाली ढकलून वर चादर लोंबती सोडली होती. मॅनेजर पलंगावर बसले, पाय मागे घेतला, आणि टाचेला लागून एक डबा घरंगळत खोलीच्या मधोमध येऊन थांबला.

"नातीचं खेळणं," दादा झटकन म्हणाले.

पाळण्यातल्या नातीने अजून मानही धरलेली नव्हती. मॅनेजरांनी डबा उचलला, का कोण जाणे कानाशी नेला, हलवला आणि पुन्हा खाली ठेवला.

ते जेवले. रस्सा त्यांनी आधी जपून चाखला, मग पाव बुडवून खाल्ला, मग पावावाचून खाल्ला. पुन्हा मागितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा जरा उतरला.

"ताई, काय आहे यात?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बाळाकडे पाहिलं. बाळ नेमकं गप्प होतं.

"कोंबडी," दादा म्हणाले.

"असं?" मॅनेजरांनी चमच्यातल्या तपकिरी गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "छान. सोमवारी पुन्हा येतो. तेव्हाही जेवण असंच झालं, तर नोकरी तुमची."

दार लागलं आणि दादांनी छाती फुगवली. "बघितलंस? कोंबडी होती म्हणून जमलं."

"दादा," सून हळूच म्हणाली, "सोमवारी तो रस्सा मी पुन्हा कशाचा करू?"

आता कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. डबा धुऊन कोरडा झाला होता. त्याच्यावर लेबल नव्हतं. आतल्या पदार्थाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते कारखान्यातले लोक, दादांच्या मते, विश्वासाचे नव्हते.

"आवाज माझ्या लक्षात आहे," दादा म्हणाले. "त्याच्यासारखाच गप्प डबा शोधायचा."

मग शोध सुरू झाला. पलंगाखालचे गप्प डबे एकेक करून उघडले गेले. एकात घेवड्याच्या बिया निघाल्या, एकात गाजराची लापशी, एकात लहान मुलांचं दुधाळ काहीतरी. दरवेळी सून बोट लावून चव घेई आणि मान हलवी, आणि दरवेळी नियमाप्रमाणे सगळ्यांना ते खावं लागे. सकाळी घेवडा, दुपारी लापशी, पुन्हा घेवडा, मधल्या वेळी अंजिरं.

"आज काय आहे?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

"चूक," सासूबाई म्हणाल्या. "कारखान्याची. दोन वाट्या खा."

रविवारी नवऱ्याने पोटावर हात ठेवून सांगितलं की छापखान्याने उरलेले दिवसही कमी केले तर बरं, म्हणजे घरी निवांत पडून राहता येईल. घरात एकटी नात आनंदात होती. तिला तेवढं आईचं दूध होतं.

शेवटी सून स्वतःच मागच्या गल्लीत गेली. दुकानदार दाराशी काडीने दात कोरत बसला होता.

"तसले डबे? संपले, ताई. एकाच गिऱ्हाइकाने सगळा माल उचलला. टेम्पो घेऊन आला होता."

"कोण?"

"लेबल नसलेला माल घेणाऱ्याचं नाव मी विचारत नाही," दुकानदार मोठ्या थाटात म्हणाला.

सोमवारी एकच डबा उरला होता. त्यावर दादांनी 'मटार' लिहिलं होतं. सुनेने उघडला. व्हिनेगरमध्ये बुडालेलं लालभडक बीट. तिने क्षणभर डोळे मिटले. नोकरी गेली, हे तिला कळलं. आता घरमालकाला काय सांगायचं एवढंच उरलं होतं. पण माणूस जेवायला येणार होता आणि डबा उघडलेला होता. तिने कांदा कापायला घेतला, बटाटे उकडले, बीट पिळून त्यात कालवलं, शिळ्या पावाचा चुरा लावला आणि कटलेट तव्यावर टाकले.

मॅनेजर आले, बसले, खाऊ लागले. त्यांचे ओठ लाल झाले. सून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, तुम्हाला तोच रस्सा हवा होता. तो मला परत नाही करता येणार. तो कशाचा होता तेच मला ठाऊक नाही. डबा होता, त्याला लेबल नव्हतं. हेही डब्यातलंच आहे."

"सूनबाई!" दादा ओरडले. "साहेब, हे मटार आहेत!"

मॅनेजर चावायचे थांबले. त्यांनी हातातल्या लालभडक कटलेटकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. बऱ्याच दिवसांत हसले नसावेत, कारण त्यांना लगेच ठसका लागला.

"तोच रस्सा मला कशाला हवा, ताई? एकदा तर कुणालाही जमतं, म्हणून परत आलो. आमच्या मोठ्या साहेबांनी कँटीनचा खर्च निम्मा केलाय. म्हणाले, लोकांना पोटभर वाढा, फक्त पैसे खर्चू नका. मागच्या गल्लीतले ते डबे आधी थोडे आणि मग उरलेले सगळे मीच उचलले. टेम्पोने. आधीचा आचारी पाचव्या डब्याला राजीनामा देऊन गेला. त्याच्यानंतर जी बाई आली ती डबा उघडून रडायला लागली. मला चव नको होती हो. मला डबा उघडल्यावर कांदा कापायला घेणारं माणूस हवं होतं. त्या दिवशी पायाला डबा लागला तेव्हाच वाटलं, घर बरोबर सापडलं."

सासूबाईंनी मॅनेजरांच्या पानात आणखी एक कटलेट वाढलं.

"आणि काका, दुकानदार सांगत होता, तुम्ही म्हणे आवाजावरून ओळखता?"

"चुकत नाही," दादा म्हणाले.

घरात कुणीही तोंड उघडलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि ही गोष्ट त्या घरात पूर्वी कधी घडली नव्हती.

अशा रीतीने सुनेला पगार मिळाला, आणि दादांना कँटीनच्या दाराजवळ एक खुर्ची, एक खडू आणि दुपारचं जेवण. ते सकाळी डबे हलवत, सांगत, आणि फळ्यावर त्या दिवसाचं जेवण लिहीत. लोक फळा वाचून आत येत आणि दुसरंच काहीतरी खाऊन बाहेर पडत. फळ्यावर मटार असले की आत बसलेल्यांच्या पैजा लागत. मोठ्या साहेबांनी वर्षअखेरच्या सभेत बचतीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं आणि स्वतः बाहेर जाऊन जेवले. घरमालक गोड बोलायचा थांबला, आणि घराला तेवढं पुरे होतं.

मॅनेजर कुठून कुठून असले डबे आणत राहिले. काही वर्षांनी तेही संपत आले तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सून कँटीनमधून एकच डबा घेऊन घरी आली आणि तिने तो सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यावर खडूने 'मटार' लिहिलं होतं. शेवटचं अक्षर थोडं खाली घसरलं होतं. सासूबाईंनी तो उघडला. आत पाकातल्या नासपतीच्या फोडी होत्या. त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावली.

"मटारच आहेत," त्या म्हणाल्या.

"आजी, हे तर गोड..." नात म्हणाली.

"मटार आहेत म्हटलं ना. गुपचूप खा."

सगळ्यांनी खाल्ले. दादा गेले ते नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, त्याच दिवशी सकाळी, कँटीनच्या दाराजवळच्या खुर्चीत.