सासऱ्यांच्या गाडीला टर्बो

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांना महिनाभर गाडी चालवायची बंदी झाली आणि त्यांची म्हातारी डिझेल गाडी जावयाच्या ताब्यात आली. सासऱ्यांनी बत्तीस वर्षं निम्म्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. ‘सावकाश’ हा त्यांचा आवडता शब्द. गाडीनेही तो मनावर घेतला होता.

जावयाला मात्र राहवेना. न विचारताच तो मेकॅनिककडे गेला.

“टर्बो बसवला की इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. गाडी पळते,” मेकॅनिक म्हणाला. “पण साहेब, इंजिनाचं वय झालंय. दामटू नका, नाहीतर टर्बोचं सील जाईल आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन बेफाम सुटेल.”

जावयाने टर्बो बसवून घेतला, पण गाडी खरंच दामटली नाही. बायकोलाही कळू दिलं नाही.

पंधरा दिवसांनी जुन्या विद्यार्थ्यांनी सासऱ्यांचा सत्कार ठेवला. सभागृहापुढे शंभरेक माणसं उभी होती. सासऱ्यांना आणि बायकोला घेऊन आलेल्या जावयाने ऐटीत गाडी थांबवून किल्ली काढली. इंजिन बंद झालं नाही. उलट आवाज चढतच गेला, आणि मागून निघालेल्या निळ्या धुरात स्वागतसमिती दिसेनाशी झाली.

“अहो, बंद करा ना!” बायको ओरडली.

“केलीय!” जावयाने हातातली किल्ली दाखवली.

“आगीचा बंब बोलवा!” कुणीतरी किंचाळलं. पुष्पगुच्छ टाकून माणसं पळाली.

“सरक,” सासरे म्हणाले. काळा चष्मा सावरत ते स्टिअरिंगवर बसले, ब्रेक गच्च दाबला, चौथा गियर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडीने एक आचका दिला आणि मान टाकली.

थोड्या वेळाने सासरे-जावई सभागृहामागच्या नळावर तोंडं धूत होते. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

“बाबा, माझं चुकलं. मी तुम्हाला न विचारता टर्बो बसवला.”

“माहीत आहे.”

“कसं?”

सासऱ्यांनी नळ बंद केला. “तू ऑफिसला गेलास की दुसऱ्या किल्लीने मी न्यायचो. रोज. बायपासला.”

“पण डॉक्टरांनी तर—”

“हळू बोल! काल एकशे दहा गेली रे. काय पळते! सील मीच घालवलं. माझ्या पोरीला सांगू नकोस.”

तेवढ्यात आतून माईक खरखरला. “मंडळी, घाबरू नका! बेकाबू इंजिन कसं थांबवायचं, याचं प्रात्यक्षिक सरांनी मुद्दाम जावयांच्या मदतीने करून दाखवलं! दोघांनीही मंचावर यावं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“चल,” सासरे पुटपुटले. “आणि मान वर कर.”

“आधी तुम्ही करा, बाबा.”

दोघंही खालीच बघत मंचावर चढले. अशी नम्रता आजकाल पाहायला मिळत नाही, असं अध्यक्ष भाषणात तीनदा म्हणाले.