चौदा वेळा थांबलेली गाडी

मोजणीदारांची गाडी चार महिन्यांत चौदाव्यांदा आपोआप थांबली ती नेमकी भर चौकात. मागच्या टेम्पोवाल्याने कसाबसा टेम्पो आवरला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोजणीदारांच्या अख्ख्या घराण्याची विचारपूस केली. शेजारी बायको आणि मागच्या सीटवर त्यांची लेक बसली होती. घरी पोहोचल्यावर लेक एकटीच बोलली.

"बाबा, आता पुरे. गॅरेजवाल्याकडून लेखी आणा. गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करू. नाही निघाला तर दोष तुमच्यात, आणि किल्ली माझ्याकडे."

"मान्य," मोजणीदार म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी भांडणाऱ्या भावाभावांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावली होती, की मोजणीत जे निघेल ते मुकाट्याने मान्य करायचं. त्या नोकरीत उन्हातान्हात पायपीट करून त्यांचे गुडघे झिजले. निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी ते गाडी शिकले, तिसऱ्या खेपेला परवाना मिळाला, आणि बायकोला शेजारी बसवून जरा हिंडवावं एवढं एकच सुख त्यांनी आयुष्याकडे मागितलं. तेही आता गॅरेजवाल्याच्या हातात होतं.

गॅरेजच्या सुपरवायझरने तक्रारीचं कार्ड पुढे ओढलं. "हं काका, बोला. काय तक्रार?"

"मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत पेडल खाली गेलेलं असतं. गाडी आपल्या मनाने थांबते."

"मनाने असं लिहू?"

"तुमच्याच कार्डावर छापलंय, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहावी."

सुपरवायझरने निमूटपणे 'मनाने' लिहिलं. मग मोजणीदारांनी चौदाही प्रसंग तारीख, ठिकाण आणि अंतरासह सांगितले. शाळेच्या फाटकाअलीकडे अकरा पावलं. दूधवाल्याच्या सायकलीअलीकडे चार. कार्डाची मागची बाजूही भरली, आणि उरलेलं एका जुन्या पावतीवर गेलं.

मिस्त्रीने चारी चाकं उतरवली, पॅड पाहिले, ऑइल पाहिलं. सुपरवायझर स्वतः एक चक्कर मारून आला. "काका, अभिनंदन! ब्रेक एकदम नव्यासारखा आहे."

मोजणीदारांचा चेहरा पडला. "पुन्हा बघा हो. काहीतरी असेलच. अगदी बारीकसं असलं तरी चालेल."

गाडीत दोष काढून द्या म्हणून गयावया करणारं गिऱ्हाईक सुपरवायझरच्या उभ्या नोकरीत पहिलंच. त्याला कीव आली. तो खुर्ची ओढून बसला.

"मला सांगा, गाडी थांबते तेव्हा आत कोण असतं?"

"मी आणि आमची ही. एकदा लेक होती मागे."

"आणि एकटे असता तेव्हा?"

मोजणीदारांनी मनातल्या मनात सगळे प्रसंग तपासले. "एकटा असताना एकदाही नाही."

"मग हा वजनाचा प्रश्न आहे," सुपरवायझर गंभीरपणे म्हणाला. "शेजारी भार आला की काहीतरी दाबलं जात असणार. काकूंचं वजन किती?"

मैलोन्मैल जमीन मोजलेला माणूस इथे मात्र अडखळला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "असेल बासष्ट."

बासष्ट किलो वाळू दोन पोत्यांत भरून शेजारच्या सीटवर ठेवली गेली. घसरू नये म्हणून पट्टाही बांधला. सुपरवायझर बाजारातून, शाळेवरून, उतारावरून हिंडून आला. पोती शांत होती. गाडीही शांत होती.

रात्री जेवताना मोजणीदारांनी हा वृत्तांत घरी सांगितला.

"तुम्ही त्या परक्या माणसाला बासष्ट सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"मग किती सांगायचं होतं?"

"किती हा प्रश्नच नाही."

पण प्रश्न होताच, कारण सुपरवायझरचा निरोप आला होता की वाळूने भागत नाही, उद्या काकूंनाच घेऊन या. काकूंनी आधी गुडघा दुखतो म्हणून पाहिलं, मग पाहुणे येणार म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या फाशीला निघाल्यासारख्या गाडीत बसल्या.

मोजणीदारांना गॅरेजच्या बाकावर बसवलं गेलं. "दोष काढायचा तर एकेक गोष्ट वेगळी करावी लागते, काका," सुपरवायझरने समजावलं. "आत्ता तुम्हाला वेगळं केलंय."

गाडी सुरळीत निघाली. पहिल्या वळणावर एक सायकलवाला गल्लीतून सटकन आडवा आला. सुपरवायझरने पाय उचलला, पण तो टेकवायच्या आत पेडल खाली गेलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. बरोबर थांबली, वेळेवर थांबली. सुपरवायझरने सावकाश मान वळवून खाली पाहिलं. काकूंचा पाय पुढे ताणलेला होता आणि रबराच्या जाड मॅटमध्ये रुतला होता.

त्याने मॅट उचलली. खाली पेडल होतं. ही गाडी पूर्वी ड्रायव्हिंग स्कूलची होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो दुसरा ब्रेक विकताना काढून टाकायचा असतो. तो काढायचा कंटाळा करून कोणीतरी वरून मॅट टाकली होती.

"काकू, हे कधीपासून?"

"गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. "मला ह्यांच्या शेजारी बसायची फार भीती वाटायची हो. घाबरून पाय दाबला तर गाडी थांबली. लग्नाला अडतीस वर्षं झाली. मला वाटलं आणि तिथेच काही थांबलं, असं आजवर झालं नव्हतं."

सुपरवायझरने मॅट परत जागेवर टाकली. "मी कार्डावर काय लिहू आता?"

"नवऱ्याला सांगू नये अशा गोष्टींचा रकाना आहे का त्यात?"

"नाही."

"मग काहीच लिहू नका."

तो बिचारा सरळ माणूस. लेकीची अट त्याला ठाऊक नव्हती, आणि घाबरलेल्या काकूंना त्या क्षणी ती आठवली नाही. त्याने कार्डावर लिहिलं, 'ब्रेक उत्तम. गाडीत दोष नाही.' आणि खाली सही करून शिक्का मारला.

संध्याकाळी लेकीने कार्ड वाचलं. तिला आनंद झाला नाही, पण तिने हात पुढे केला. मोजणीदारांनी खिशातून किल्ली काढली. कोणाशी वाद नाही, तक्रार नाही. मोजणीत निघालं ते निघालं. फक्त किल्ली देताना त्यांचा हात थोडा रेंगाळला, आणि ते काकूंना पाहवेना.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गाडीत दोष नाही आणि ह्यांच्यातही नाही. पाय माझा होता."

मग त्यांनी मॅटपासून सगळं सांगितलं. लेक मटकन खाली बसली. मोजणीदार उभेच राहिले. चार महिने ज्या गाडीच्या मनाचा ते शोध घेत होते, ते मन समोर पदराशी चाळा करत बसलं होतं.

"चौदाही वेळा तूच?"

"चौदाही वेळा."

त्यांना राग आला होता. पण मोजणीचा स्वभाव रागालाही आवरतो. "आता खरं सांग. चौदापैकी किती वेळा खरोखर थांबायला हवं होतं?"

काकूंनी बोटांवर हिशेब केला. शाळेचं फाटक, दूधवाला, ते म्हातारे गृहस्थ, ती म्हैस.

"तेरा."

तेरा वेळा. मोजणीदारांना दूधवाल्याचा चेहरा आठवला. त्यांनी खुर्ची ओढली.

"आणि चौदावी? परवा चौकातली?"

"तेव्हा तुम्ही माझ्या भावाबद्दल बोलत होता."

लेकीने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. ज्या एका वेळेमुळे हे सगळं रामायण घडलं, ती वेळ अशी निघाली. मोजणीदारांनी किल्ली लेकीला दिली नाही. खिशातही टाकली नाही. उठून ती काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि आत जाऊन चष्मा पुसत बसले.

सोमवारी दोघं रिक्षाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. काकूंचा प्रवेशअर्ज मोजणीदारांनीच भरला, नोकरीतल्या त्याच स्वच्छ अक्षरात. नाव, वय, पत्ता झाला. 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

"असेल ते लिहा."

मोजणीदारांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'फक्त ब्रेक. चार महिने. चौदापैकी तेरा वेळा बरोबर.'

काकूंनी अर्ज स्वतःकडे वळवला, चष्म्यातून नीट वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"चौदा लिहा," त्या म्हणाल्या.

मोजणीदारांनी तेरा खोडून चौदा केलं.