मेन स्विच बंद!

"उष्णतेची लाट येऊ दे, नाहीतर वादळ येऊ दे, या घरात कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

वेधशाळारावांनी रविवारी सकाळीच जाहीर करून टाकलं. हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं. कारण हवामानाची बातमी लागली की हे गृहस्थ टेबलावरची फाइल सोडून आधी छत्री शोधायचे! घरात त्यांचं भाषण ऐकायला दोघीच, बायको आणि सासूबाई. त्यातही बायकोचा सगळा जीव फ्रीजमध्ये अडकलेला. घरी केक करून विकायचं तिने नुकतंच सुरू केलं होतं आणि पहिलीच मोठी ऑर्डर आली होती. कुणाच्या तरी आईच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी तीन मजली आइस्क्रीम केक! गिऱ्हाईक कोण, हे विचारायची तसदी वेधशाळारावांनी घेतली नव्हती.

"मी खोकं आणायला चाललेय. अहो, तुम्ही एकच काम करा," दुपारी निघताना ती म्हणाली. "काहीही करू नका!"

तिची पाठ वळली आणि साहेब कामाला लागले. ऊन आत येऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्यांना स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटवला. घरात भरदिवसा अंधार! तेवढ्यात कागदाच्या फटीतून लख्ख उजेड चमकला आणि डोक्यावर गडगडगड!

"वीज! आई, खिडकीपासून लांब व्हा!"

"कसली वीज? समोरचा वेल्डिंगवाला फाटक जोडतोय."

"आणि हा गडगडाट? तोपण वेल्डिंगवाल्याचा का?"

वेधशाळारावांनी खटकन मेन स्विच बंद केला आणि सासूबाईंना घरातल्या खिडकी नसलेल्या बोळात स्टुलावर बसवलं. नियम त्यांना तोंडपाठ होता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही! पण अर्धा तास भरत आला की वर पुन्हा गडगड. की पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास!

"जावईबापू, विजेने नाही मरायची मी, पण उकडून नक्की मरेन!"

अरे देवा, उष्माघात! तो राहिलाच होता की! वेधशाळाराव फ्रीजकडे धावले. सासूबाईंच्या कपाळाला बर्फ, मानेला बर्फ, मग स्वतःच्या टकलाला बर्फ. धावपळीत फ्रीजचं दार उघडंच राहिलं. राहिलं कसलं, शेवटी तर ते आत डोकं खुपसूनच उभे होते!

"अहो, केक!" सासूबाई ओरडल्या.

"आधी जीव, मग केक!"

बायको परतली तेव्हा गुलाबी ओघळ तिच्या स्वागताला दारापर्यंत आला होता. तिने फ्रीजकडे पाहिलं, नवऱ्याच्या टकलावरच्या क्रीमकडे पाहिलं आणि खोकं छातीशी धरून मटकन खाली बसली.

"पहिलीच ऑर्डर होती हो माझी," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

वेधशाळारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घामाने निथळत उभे होते.

"वहिनी, झाला का केक? आई वाट बघतेय. मी आपला दुपारपासून कपाटं सरकवतोय. एवढ्या पाहुण्यांना बसायला जागा नको?"

वेधशाळारावांनी हळूच छताकडे पाहिलं. त्याच क्षणी बाहेर असं काही कडाडलं, की भांडी थरथरली!

"घाबरू नका," ते पडेल आवाजात म्हणाले, "कपाट असेल."

"अहो, मी तर इथे उभा आहे!"

वेधशाळाराव उडी मारून मेन स्विचकडे धावले. तो बंदच होता. सासूबाईंनी मात्र केकसाठी काढून ठेवलेली सुरी शांतपणे खणात परत टाकली आणि भाडेकरूंना विचारलं,

"पाहुणे किती आहेत हो? तेवढे ग्लास देते."