नऊ बोगद्यांचा दरबार

बाळांनो, हातपाय पोटाशी घेऊन बसा. गोष्ट जरा गार आहे.

एका जंगलात एक सिंह होता. त्याला नवा दरबार हवा होता, डोंगराच्या पोटात कोरलेला आणि भर वैशाखातही गारेगार. धबधब्यामागची थंड हवा बोगद्यांतून दरबारात आणायची असं ठरलं. काम भालेराव अस्वलांच्या कचेरीला मिळालं.

त्या कचेरीत टिकली नावाची खार शिकाऊ इंजिनिअर होती. शिकाऊ म्हणजे सगळं काम करणारी, पण सही न करणारी. काम संपलं की तिला दाखला मिळणार होता. दाखल्याशिवाय तिला जंगलात कोणी साध्या घरट्याचंही काम दिलं नसतं. म्हणून बिचारी जीव तोडून राबायची.

टिकलीने हिशेब मांडला. दरबार केवढा, दरबारी किती, एकेकाच्या अंगाची ऊब किती. उत्तर आलं, तीन बोगदे.

"तीनच?" भालेराव दचकले. "अगं पोरी, उद्या कमी पडले तर? असू दे एखादा जास्तीचा."

चार झाले. मग आराखडा मंजुरीसाठी दरबारातल्या हत्तीसाहेबांकडे गेला. त्यांनी दोन वाढवले, कारण त्यांना स्वतःला फार उकडायचं. खोदणाऱ्या घुशींनी आणखी तीन वाढवले, कारण एकदा खोदायला लागल्यावर त्यांना थांबवणार कोण? वाढवताना प्रत्येकाने खारीचा वाटा उचलला. खारीला मात्र कोणी विचारलं नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सिंह सिंहासनावर बसला, डरकाळी फोडायला तोंड उघडलं आणि सणसणीत शिंकला. दरबारी हसले नाहीत. त्यांचे दात आधीच वाजत होते.

"हा कोणाचा प्रताप?" सिंहाने नाक पुसत विचारलं.

भालेरावांनी हत्तीसाहेबांकडे पाहिलं. हत्तीसाहेबांनी छताकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून टिकलीकडे पाहिलं.

टिकलीला उपाय ठाऊक होता. सहा बोगद्यांत दगड बसवले की काम फत्ते! ती पुढे झाली. "महाराज, बोगदे..."

तिच्या शेपटीवर भालेरावांचा पंजा हलकेच पडला. "तुझ्या दाखल्यावर सही राहिलीय हं माझी," ते मायेने पुटपुटले.

टिकलीला स्वतःचीच लाज वाटली, पण तोंडातून भलतंच निघालं.

"महाराज, बोगदे अगदी बरोबर आहेत. गर्दी कमी पडतेय. नऊ बोगद्यांना शोभेल एवढी प्रजा बसवा, मग बघा कशी ऊब येते!"

सिंह खूश झाला. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या जंगलाला दरबारात हजेरीची सक्ती झाली. ससे, हरणं, भेकरं दाटीवाटीने बसली. दरबार खरोखर उबदार झाला. इतकी मंडळी हाताशी आल्यावर महाराजांना भूकही झकास लागू लागली. हत्तीसाहेबांचा सत्कार झाला.

टिकलीच्या आईलाही यावं लागलं. तिला जागा मिळाली ती थेट पहिल्या रांगेत, सिंहाच्या पंजापाशी.

"टिकले," ती थरथरत कुजबुजली, "ती भोकं बुजवता आली नसती का गं?"

"आई, हळू बोल!" टिकली म्हणाली. "उद्या सही होतेय. आजचा दिवस तेवढी अंग चोरून बस."

तात्पर्य : बोगदे जास्त झाले तर बुजवू नयेत, साहेबांचा अपमान होतो. प्रजा कमी पडली म्हणावं. ती कुठूनही भरता येते.