सुपारी फुटेपर्यंत उठायचं नाही

बिरू आबा बैठकीला बसले आणि सोयरीक मोडली, असं आख्ख्या फुलंब्री तालुक्यात कधी झालं नव्हतं. हे लोक म्हणत नव्हते, आबा स्वतःच म्हणायचे, आणि चहा येईपर्यंत दोनदा म्हणायचे. त्यामुळं नात अक्षदाला लासूर स्टेशनचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाला, रामेश्वरला, छाती पुढं काढून सांगितलं, “तू फकस्त गाडीचं बघ. बाकीचं माझ्याकडं लागलं.”

बोलून बसले, आणि मग पस्तावले. कारण त्यांच्या धनगरी बैठकीचा एक दंडक होता. दोन्हीकडचा थोरला माणूस एकदा घोंगडीवर बसला की सुपारी फुटेपर्यंत, म्हणजे लग्न पक्कं होईपर्यंत, उठायचं नाही. मधेच उठला तर त्याला स्थळ पसंत नाही असं समजायचं. कामून उठलात, हे कुणी विचारायचं नाही. ते हलकं दिसतं. आणि आबांना तर हल्ली घटकाभरही दम निघत नव्हता.

वर्ष झालं, हेच चाललं होतं. लघवीला लागली म्हणून धावत जायचं आणि तिथं जाऊन नुसतं उभं राहायचं. ज्या माळावर आबांनी मेंढरं चारली तिथंच आता शहराची नवी कॉलनी झाली होती, आणि तिच्यात तिसऱ्या मजल्यावर रामेश्वरचा फ्लॅट. साल दुष्काळाचं. टँकर यायचा तो देवाच्या मर्जीनं. आबा संडासाकडं निघाले की सून रत्नमाला बादलीकडं बघायची. तोंडानं बिचारी कधी काही बोलली नाही, पण ते बघणंच आबांच्या जिवाला लागायचं.

शेवटी देवळात जातो असं सांगून ते शहरातल्या छावणी भागातल्या एका डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि सांगितलं की प्रोस्टेटची गाठ वाढलीय, म्हातारपणी बऱ्याच जणांची वाढते, सध्या गोळीवर भागेल. रोज एकच, रात्री जेवण झाल्यावर. वाट मोकळी होईल, पण चक्कर येऊ शकते, तेव्हा उठताना सावकाश उठायचं.

आबांनी घरात अवाक्षर काढलं नाही. रामेश्वरला कळलं तर तो उचलून ऑपरेशनलाच नेईल, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी. बैठकीच्या आदल्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना अक्षदा म्हणाली होती, “आबा, मला हेच स्थळ पाहिजे. मोडू देऊ नका.” नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरगी, आजवर तिनं आबांकडं काही मागितलं नव्हतं. आता मागितलं ते हे.

म्हणून निघायच्या सकाळी आबांनी जन्मभर केलं तेच केलं. कळप लांब हलवायचा तर औषध निघायच्या आधी पाजायचं, म्हणजे वाटेत खोळंबा नको. रात्रीची गोळी पोटात होतीच. सकाळी आबांनी वर आणखी एक टाकली.

लासूरला ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती. समोर मुलाचा आजा साहेबराव, झुपकेदार मिशांचा, कपाळाला आठ्या घालून बसलेला. बोलणी सुरू झाली आणि आबांना लागली. त्यांनी मांड्या आवळल्या, खंडोबाचं नाव घेतलं, पण याच्यात खंडोबा तरी काय करणार? आबा उठले. ओसरीवरची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पाणी नाही म्हणून अंगणातल्या संडासाला कुलूप होतं, तेव्हा आबा मागच्या गोदामाच्या भिंतीआड गेले, पुष्कळ वेळ उभे राहिले आणि कसंबसं उरकून परत आले.

येतात तो साहेबरावांचा मुलगा, म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप, हात जोडून म्हणतोय की लग्न आमच्याच दारात पाहिजे असा हट्ट नाही, तुमच्या सोयीनं शहरात करू. आबांना काही उमगेना. रामेश्वरचा चेहरा मात्र खुलला.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. या खेपेला आबा झटकन उठले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते डोकं धरून मटकन खाली बसले. पाहुण्यानं कपाळाला हात लावला म्हटल्यावर पलीकडची मंडळी हादरली. मुलाच्या आईचा आतून निरोप आला की पोरीनं शिक्षण पुरं करावं, पुढं नोकरीही करावी, आमची ना नाही. रामेश्वर आबांच्या कानाशी लागला, “लई भारी, आबा. आजून एकदा उठा.”

आबांना रडूच येऊ घातलं. उठायचं नाही म्हणून एवढा आटापिटा, आणि पोटचं पोर म्हणतंय उठा. फोन हातात धरून घरी बसलेली अक्षदा डोळ्यांपुढं आली. पण माणूस घाबरला की जास्तच लागते. आबा जमिनीला हात टेकत सावकाश उठले, आणि तेवढ्यात समोरून साहेबरावही उठले.

दोन्हीकडचे थोरले उभे राहिले म्हणजे विषय संपला. अक्षदाचा मामा खंडेराव चपला शोधायला लागला. रामेश्वर पांढराफटक पडला.

आबा भिंतीआड पोचले तर मागून साहेबराव हजर. आता हा भांडणार, आबांनी मनाची तयारी केली. साहेबराव शेजारी येऊन उभे राहिले, धोतर सावरलं आणि भिंतीकडं तोंड केलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. दुसराही कसला आवाज आला नाही.

“तुमालाबी?” आबांनी हळूच विचारलं.

“व्हय. सकाळधरनं दात आवळून बसलोय.”

मग आबांनी सगळं सांगून टाकलं, सकाळच्या जादा गोळीसकट. साहेबराव कळवळले. म्हणाले, असं पुन्हा करू नका, डॉक्टरला आजच फोन लावून सांगा. त्यांचीही सुरुवात याच गोळीनं झाली होती. गाठ लई मोठी निघाली म्हणून डॉक्टरनं सोबत दुसरी दिली. ती गाठच बारीक करते, पण गुण यायला सहा-सहा महिने लागतात. आणि त्यांची तर नुकतीच सुरू झाली होती.

“मग आपलं स्थळ?” आबांनी विचारलं.

“स्थळाला काय झालंय? म्हातारे बिघडल्यात. पोरं चांगली हायेत की.”

आबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात पुढून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. खंडेराव मंडळींना गाडीत बसवत होता. आबा होते तिथूनच जिवाच्या आकांतानं ओरडले, “रामेश्वर! जमलं रं! सुपारी फोडा!”

गाडी बंद झाली. ओसरीवर एकच गलका उठला. रामेश्वर पळत भिंतीच्या अलीकडं आला आणि म्हणाला, “मग चला की, आबा. तुमच्या दोघांबिगर कशी फोडायची?”

आबांनी साहेबरावांकडं बघितलं. साहेबरावांनी खिन्नपणे मान हलवली.

“दम धरा जरा,” आबा म्हणाले, “आमचं आजून सुरूच व्हायचंय.”